झटकलेला शर्ट

मी एक जुना कपडे धुण्याचा ब्रश आहे. मित्रांनो, ज्या दिवशी माझी मालकीण गेली, त्या दिवशी तिचा नवरा दवाखान्यातून एकटाच परतला. मोरीच्या कडेला बसला आणि बहिणीला म्हणाला, "ताई, ती गेली. डॉक्टर विचारत होते, तुमचे कामाचे कपडे घरी कोण धुवायचं?"

तो कारखान्यात छपराचे सिमेंटचे पत्रे कापायचा. सगळे त्याला पत्रेवालाच म्हणत. त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. कापताना त्याची धूळ उडते. दिसायला पिठासारखी, वास नाही की चव नाही. म्हणून तिला विष कोणी मानलंच नाही.

मी घरात आलो तेव्हा माझे केस ताठ होते. "कॉलर घासावी तर यानंच," असं मालकीण म्हणायची. रोज संध्याकाळी ती आधी शर्ट दारात नेऊन फटाफट झटकायची. न झटकता भिजवला, तर धुळीचा गाळ बसून मोरी तुंबायची. झटकून जे उरे, ते मी खरवडून काढायचो.

"अहो, कारखान्यात काही शिल्लक ठेवलंत, की सगळा अंगावरच आणलात?"

"तुझ्यासाठीच आणतो. दुसरं काय देणार मी?"

दोघं हसायचे. सव्वीस वर्षं हाच विनोद चालला.

मग तिला धाप लागू लागली. भरलेली बादली उचलवेना. सगळ्यांना वाटलं, दमा असेल. छातीत पाणी झालं, ते काढून तपासलं, तेव्हा खरा आजार कळला: त्या धुळीनं झालेला फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. तोवर फार उशीर झाला होता. मी कोरडा पडून राहिलो. माझे केस गळाले.

मित्रांनो, घरातलं कोणी असं काम करत असेल, तर ते कपडे घरी आणू देऊ नका. कामावरच बदलायला आणि धुवायला लावा. झटकू तर मुळीच नका.

समोरच्या घरात पत्रेवाल्याच्या हाताखाली तयार झालेला कारागीर राहतो. त्याची बायकोही रोज दारात उभी राहून शर्ट झटकते. परवा ताई पत्रेवाल्याला म्हणाली, "अरे, जाऊन सांग ना तिला."

"सांगायला गेलो, तर हेही सांगावं लागेल, की ती धूळ मीच घरी आणली."

"मग सांग तेही."

मालकिणीला जाऊन तेरा महिने झाले. त्याने समोर अजून सांगितलेलं नाही.