सत्तर गुणांचा बूट

कॉर्डेलला बास्केटबॉलच्या ऑल-स्टार सामन्याचं बोलावणं आलं, तेव्हा मी आधी विचारलं, "कोण मेलं?"

"कुणी मेलं नाही, आत्या. चार जण जखमी आहेत, म्हणून मला घेतलं."

जखमी म्हणे! त्यातला एक जखमी बहामात होडी उडवताना मी स्वतः टीव्हीवर पाहिला. पण जाऊ दे, कुणाच्या का कोंबड्यानं होईना, उजाडलं ना!

माझा हा भाचा बारा-तेरा वर्षं लीगमध्ये खेळतोय आणि त्याचं काम एकच. समोरच्या संघातला सगळ्यांत भारी खेळाडू गाठायचा आणि त्याला गोचिडासारखं चिकटायचं. बास्केट टाकणं याच्या नशिबात नाही. अशा माणसाच्या नावाचा शर्ट कोण विकत घेणार? आमच्या टोलीडोत एका दुकानात एकच होता, तोही मीच घेतला. आता तर त्याचे गुडघेही संपलेत. हा शेवटचा मोसम, हे त्याला, मला आणि डॉक्टरला ठाऊक होतं.

"आत्या," तो म्हणाला, "एकदा तरी सगळ्या जगादेखत मोठ्या माणसाला अडवायचंय. रोज अडवतो गं, पण बघतं कोण?"

मी आयुष्यभर सिटी बस चालवली आहे. मला सहजासहजी रडू येत नाही. त्या दिवशी आलं.

पण पोराला एवढंही कळेना, की ऑल-स्टार सामन्यात कुणी कुणाला अडवत नाही! सगळे बडे खेळाडू नुसते मिरवायला आलेले असतात, रीतच आहे ती. तिथे अडवायला जाणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढणं. मी त्याला तसं सांगितलंसुद्धा. "बघू," म्हणाला. त्याच्या बापाचंही असंच, "बघू" म्हणायचा आणि मग हवं ते करून बसायचा.

फेब्रुवारीतल्या बर्फातून गाडी हाकत मी सामन्यासाठी क्लीव्हलंडला गेले. दारावरच्या माणसानं माझा तळलेल्या चिकनचा डबा काढून घेतला. सुरक्षा म्हणे. आत तसलंच चिकन, माझ्याहून दसपट वाईट, सोन्याच्या भावानं विकत होते. मेल्यांनो, कुणाची सुरक्षा ही?

माझी खुर्ची अगदी मैदानाला लागून. शेजारी एक गुळगुळीत गृहस्थ बसले होते. मिस्टर पेंडलटन, बुटांच्या कंपनीचे मोठे साहेब. त्यांच्या मागे चकचकीत कापडाखाली काहीतरी डोंगराएवढं झाकून ठेवलेलं.

"ते काय आहे?" मी विचारलं.

"आमचा नवा बूट, मॅडम. नाव 'सत्तर'. आज किंग्सली सत्तर गुण करणार, की लगेच पडदा उघडायचा."

"आणि नाही केले तर?"

पेंडलटन असे हसले, जसं काही मी विचारलं होतं की उद्या सूर्य उगवला नाही तर काय कराल. "खोके छापून झालेत, मॅडम."

ट्रेव्हॉन किंग्सली म्हणजे पश्चिमेच्या संघाचा राजा; आमचा कॉर्डेल पूर्वेच्या संघात. पोरगा गुणी आहे, खोटं कशाला बोलू? पण त्या रात्री त्याच्या गुणांची गरज कुणाला होती! आधी धूर झाला. मग एक बाई छतातून तारेला लटकत गात खाली आली आणि मध्येच अडकली. तिला सोडवून झाल्यावर एकेका खेळाडूचं नाव पुकारलं. कॉर्डेलच्या नावाला टाळ्या पडल्या त्या माझ्या, आणि माझ्याकडे बघून घाबरलेल्या एका म्हाताऱ्याच्या.

मग खेळ सुरू झाला. खेळ कसला, शोभायात्राच ती! किंग्सली चेंडू घेऊन आला की पूर्वेचे खेळाडू बाजूला होत, "या, बसा" म्हणायचंच काय ते बाकी. एक जण तर मैदानाच्या कडेला कुणाशी तरी रेस्टॉरंटबद्दल बोलत उभा होता. दोन्हीकडचे आकडे असे पळत होते की मला माझ्या बसचं मैल मोजणारं जुनं मीटर आठवलं. आणि या सगळ्यात माझा कॉर्डेल हात खाली सोडून उभा. त्यालाही कुणी अडवेना. त्यानं चार सोप्या बास्केट टाकल्या आणि टाकताना प्रत्येक वेळी चोरी केल्यासारखं तोंड केलं.

"तुमचा भाचा मजा करतोय," पेंडलटन म्हणाले.

"तुम्हाला डोळे आहेत की बटणं?" मी म्हटलं.

शेवटचं मिनिट लागलं तेव्हा किंग्सलीचे अडुसष्ट झाले होते. लोकांनी फोन उंचावले. पेंडलटननी कापडाचं टोक हातात धरलं. किंग्सली हसत हसत, कॅमेऱ्याकडे बघत निघाला. पूर्वेची पोरं दोन्ही बाजूंना सरकली.

कॉर्डेल सरकला नाही.

त्याचे गुडघे वाकलेले मला दिसले. किंग्सली उडाला. कॉर्डेलचा हात वर गेला, आणि चेंडू थप्पकन दुसऱ्या रांगेत जाऊन कुणाच्या तरी बिअरमध्ये पडला.

"बघा, बघा! हे माझं पोर!" मी ओरडले, पण माझ्याशिवाय कुणाला आनंद झालेला दिसेना. मग काय झालं सांगू? चेंडू पुसून आणला, आणि कॉर्डेलच्याच संघातल्या एकानं तो मान लववून किंग्सलीला परत दिला. "घ्या, पुन्हा करा."

किंग्सली पुन्हा आला, जरा जोरात. कॉर्डेलनं पुन्हा अडवला.

"हा माणूस काय करतोय?" पेंडलटन किंचाळले.

"बास्केटबॉल खेळतोय! तुम्ही कधी पाहिलाय का?"

चेंडू तिसऱ्यांदा किंग्सलीच्या हातात दिला. या वेळी त्याचं हसू गेलं होतं. कॅमेऱ्याकडे बघणंही गेलं होतं. तो फक्त कॉर्डेलकडे बघत होता. डावीकडे गेला, कॉर्डेल डावीकडे. उजवीकडे वळला, कॉर्डेल उजवीकडे. लोक आपोआप उभे राहिले, हातातले फोन खाली आले. मग किंग्सलीनं चेंडू दोन्ही हातांत घट्ट आवळला आणि मुसंडी मारली. कॉर्डेलचा गुडघा दगा देऊन गेला, तो आडवा झाला, आणि बास्केट पडली.

सत्तर! कापड उडालं, कागदाचे तुकडे पडले, पंचसुद्धा टाळ्या पिटत होता. माझा भाचा त्या कागदांत पालथा पडलेला होता आणि वरच्या मोठ्या पडद्यावर बुटाची जाहिरात चालू होती.

आतल्या खोलीत मी पोचले तेव्हा तो टेबलावर आडवा पडला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. पेंडलटन तिथे आधीच हजर. "तुमचं ते पडणं आम्हाला जाहिरातीत वापरायचंय," ते सांगत होते. "आधीचे दोन प्रसंग अर्थातच कापू." मी त्यांच्याकडे एक पाऊल टाकलं. ते गेले. बसमध्ये दंगा करणाऱ्यांना मी खाली उतरवायचे, ती नजर अजून चालते.

थोड्या वेळानं दार ढकलून किंग्सली आला. अनवाणी, हातात एक बूट. मला "मॅम" म्हणाला आणि कॉर्डेलच्या पायाशी बसला.

"सगळे सत्तर सत्तर करतायत," तो म्हणाला. "अडुसष्ट तर मला ताटात वाढून दिले. शेवटचे दोन तेवढे माझे. मी तेवढेच धरणार."

मला वाटलं, कॉर्डेल आता आभार मानेल. मी त्याला तसं वळण लावलंय.

"तेही तुझे नाहीत," कॉर्डेल म्हणाला. "चेंडू कवटाळून पळालास तू. एकदाही टप्पा दिला नाहीस, आणि टप्प्याशिवाय धावणं नियमात बसत नाही."

किंग्सलीचा चेहरा उतरला. "पण शिट्टी नाही वाजली."

"वाजवणार कोण? पंचाचे हात टाळ्यांत होते," मी म्हटलं. "मीही पाहिलं, बाळा. सरळ चालत गेलास."

त्यानं हातातला बूट जमिनीवर ठेवला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मला तुला चुकवता आलंच नाही?"

"नाही."

"मग परत कधी खेळायचं?"

कॉर्डेलनं बर्फाखालच्या गुडघ्याकडे पाहिलं. "आता कधीच नाही," तो म्हणाला. आणि देवाशपथ, इतका खूश मी त्याला उभ्या जन्मात पाहिला नव्हता.