सतरंजीवरचा शब्द

प्रार्थनाघराच्या तळमजल्यावर दर सुट्टीच्या दिवशी मुलांचा वर्ग भरायचा आणि तो चालवायची चष्मेवाली ताई. एरवी ती बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, म्हणून मुलांनी तिला हे नाव चिकटवलं होतं. तिच्या स्वतःच्या नाकावर मात्र चष्मा नव्हता. वर्ग म्हणजे काय, तर एक लांबरुंद सतरंजी, रंगखडूंचा डबा आणि एक लोखंडी कपाट. कपाटाचं दार लाथ घातल्याशिवाय उघडत नसे, आणि ती लाथ घालायचा मान मिळावा म्हणून मुलांची भांडणं होत.

गाणी झाली, गोष्ट झाली, प्रार्थना झाली की सगळे गोल करून बसत आणि ज्याला जे बोलायचं ते बोले. ‘दादाने माझी पेन्सिल चावली’ इथपासून ‘आजोबा गेले तेव्हा मला रडूच आलं नाही, मी वाईट आहे का?’ इथपर्यंत काहीही. नियम एकच: इथलं इथेच. सतरंजीवर बोललेलं सतरंजीबाहेर न्यायचं नाही. नियम ताईनेच केला होता आणि मुलांना शपथा घालून पाळायला लावला होता.

त्या मुलांत एक होती खारूताई. खाऊ वाटला की ती एक बिस्कीट खायची आणि बाकीची फ्रॉकच्या खिशात कोंबायची, म्हणून खारूताई. “हिच्या खिशाला वेगळं पोट आहे,” असं कुणीतरी म्हटलं की सगळे हसत, तीही हसे. एकदा वर्ग सुटल्यावर ती खडू गोळा करायला मागे रेंगाळली.

“ताई, तुला एक सांगू? पण इथलं इथेच हं.”

“बोल ना.”

“बिस्किटं धाकट्यासाठी असतात. आई उठत नाही ना.”

“बरं नाही का आईला?”

“ताप नाहीये. नुसती पडून असते, भिंतीकडे तोंड करून. कधीकधी उठते. बाबा लांब कामाला आहेत, त्यांना फोनवर सांगायचं नाही असं ती म्हणते. पण मला भात लावता येतो. कधी लागतो खाली, एवढंच.”

गृहपाठ सांगावा तसं सांगितलं पोरीने, आणि लाल खडू लालांत आहे ना ते बघत बसली.

दुसऱ्या दिवशी दुकान सुटल्यावर डबा घेऊन ती त्यांच्या दाराशी गेली. आतून आईचा आवाज आला, “सगळं ठीक आहे.” दार काही उघडलं नाही. आता काय करावं? एकट्या माणसाच्या आवाक्यातलं हे काम नव्हतं. म्हणून ती प्रार्थनाघराच्या प्रमुखकाकांकडे गेली. दर आठवड्याचं प्रवचन तेच करत. त्यांच्या शब्दावर दहा घरची माणसं धावून जात.

“काका, गाजावाजा नको. काकूंनी सहज म्हणून एकदा डोकावलं, कुणी चांगला डॉक्टर सुचवला, एवढं पुरे. मुलीने विश्वासाने सांगितलंय.”

काकांनी डोळे मिटून ऐकलं. “तू निश्चिंत राहा, पोरी,” ते म्हणाले. आणि ती खरंच निश्चिंत राहिली.

पुढच्या प्रार्थनेला सभागृह भरत आलं होतं, तेवढ्यात मागच्या दारातून खारूताईची आई आली. किती महिन्यांनी आली असेल कोण जाणे! केस नीट विंचरलेले, कपडे इस्त्रीचे, एका हाताशी धाकटा, दुसऱ्या हाताशी खारूताई. पोरगी मिरवणुकीच्या पुढे असल्यासारखी चालत होती. मागच्या रांगेत तिघं बसली. ताईला वाटलं, उठून जावं आणि त्या बाईचे हात हातात घ्यावेत. पण प्रवचन सुरू झालं होतं.

“आपल्यातच एक घर आहे,” काका म्हणाले, आणि आवाज खाली आणला. तो खाली आला की लोक पुढे झुकत. “त्या घरातली आई दिवसच्या दिवस अंथरुणात लोळत असते. प्रार्थना सुटली की माणसाचं असं होतं. आणि तिची लेक, एवढीशी, आपल्याच मुलांच्या वर्गातली बिस्किटं खिशात लपवून नेते. का? तर धाकटा भाऊ उपाशी राहू नये म्हणून!”

कुणी तरी हळहळलं. कुणी डोळ्यांना रुमाल लावला. मग एकेक मान मागे वळू लागली. वर्गातल्या सगळ्या पोरांना तो खिसा ठाऊक होता, आणि पोरांना ठाऊक तेच आयांना.

खारूताईने ना काकांकडे पाहिलं, ना आईकडे. तिने ताईकडे पाहिलं.

आई उठली. धाकट्याची चप्पल खुर्चीखाली राहिली, ती घ्यायलाही वाकली नाही. दार लागलं आणि काका पुढच्या वाक्याला लागले.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रवचन संपल्यावर ती थेट काकांच्या खोलीत घुसली. प्रार्थनाघराच्या मंडळातले दोघे-तिघे चहा पीत बसले होते, तेही तिने पाहिले नाहीत.

“काका, हे काय केलंत तुम्ही?”

“मी कुणाचं नाव घेतलं का?”

“नाव कशाला घ्यायला हवं? बोट तेवढं दाखवायचं बाकी ठेवलंत!”

“अगं, लोकांची मनं हलली. आत्ता चार बायका विचारून गेल्या, काय मदत करू म्हणून.”

“मदत करायची होती तर त्यांच्या दाराशी जायचं होतं. इथे माईकसमोर उभं राहून कुणाचं पोट भरणार होतं? ती बाई महिन्यांनी अंथरुणातून उठून आली होती, काका! उठून आली होती! आणि तुम्ही तिला चव्हाट्यावर मांडलंत, ते पण देवाचं नाव घेऊन!”

काकांनी कप बशीत ठेवला. “आवाज खाली. मुलांना शिकवणाऱ्या माणसाचं डोकं थंड असावं.”

“आणि प्रवचन करणाऱ्याचं तोंड?”

मंडळातला एक जण ठसकला. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ताई निघून आली.

घरी नवरा म्हणाला, “तुझा राग म्हणजे दूध आहे. उतू जातं आणि शेगडी आपल्यालाच पुसावी लागते.”

“मग पुसू,” ती म्हणाली. “पण आच मी कमी करणार नाही.”

संध्याकाळी ती खारूताईच्या घरी गेली. या वेळी दार उघडलं, पण साखळीपुरतं. फटीत पोरीचा अर्धा चेहरा.

“तुम्हीच सांगितलंत ना त्यांना?”

आजवर ती ताईला ‘तू’ म्हणत आली होती.

“हो. मीच सांगितलं. आईला मदत मिळावी म्हणून गं...”

“मी मदत मागितली नव्हती. मी नुसतं सांगितलं होतं.”

दार लागलं. ताई जिन्यात उभी राहिली. काकांवरचा संताप तसाच होता, फक्त आता त्यातला निम्मा तिच्या स्वतःच्या वाट्याला आला होता.

पुढच्या आठवड्यात प्रार्थना संपल्यावर, रिवाजाप्रमाणे ‘कुणाला काही बोलायचं आहे का’ असं विचारलं गेलं. एरवी या वेळी कुणी लग्नाची बातमी देई, कुणी हरवलेल्या छत्रीची. ताई उभी राहिली.

“मागच्या वेळी इथे एका मुलीची खाजगी गोष्ट सांगितली गेली. ती मुलगी माझ्यापाशी बोलली होती. तिला न विचारता मी ती काकांना सांगितली, ही माझी चूक, आणि मी इथे सर्वांसमोर तिची माफी मागते. काकांनी ती तुम्हाला सांगितली. काका, आता तुम्ही.”



“हे बोलायची ही जागा नव्हे,” काका म्हणाले.

“मागच्या वेळी हीच होती.”

“खाली बस, बाई,” पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. ती बसली नाही. काकांनी समारोपाचं गाणं सुरू करायची खूण केली. सगळे गाऊ लागले, आणि ती तशीच उभी, तोंड मिटून. गेल्या आठवड्यात डोळ्यांना रुमाल लावणाऱ्या बायका आज गाण्याच्या ओळींवरून नजर उचलायला तयार नव्हत्या.

माफी कुणी मागितली नाही. वर्ग काढून घेतला गेला. काकांची सून तो चालवू लागली. “तुला जरा विश्रांती मिळेल,” असा निरोप आला, फोनवर, तोही तिसऱ्याच माणसाकडून.

ताई डबा नेत राहिली. पायरीवर ठेवायची, टकटक करायची आणि निघून यायची. डबा कधी रिकामा मिळे, कधी न उघडलेला. मग एका दुपारी दारात आईच उभी होती. डोळ्यांखाली काळं, केस सुटलेले.

“डबा राहू द्या. आत या,” ती म्हणाली. “त्या दिवशी ते काय काय बोलले, ते पहिल्यापासून सांगा. माझ्या डोक्यात काहीच शिरलं नव्हतं.”

“कशाला ते आता?”

“सगळ्या गावाला माहीत आहे. मलाच नको का?”

ताईने शब्दन् शब्द सांगितला, काहीही गाळलं नाही. आई ऐकत गेली आणि तिचे हात मुठींत आवळत गेले.

“लोळते म्हणाले?”

“हो.”

“मला लोळायची हौस आहे असं वाटतं त्यांना? सकाळी पाय खाली टेकवायचे तर अंगावर कुणी दगड रचलेत असं वाटतं. माझी आईसुद्धा आळशीच म्हणते मला. ह्यांनी देवाला साक्षीला घेतलं, एवढाच फरक.” तिचा आवाज चढला. आतल्या खोलीतून धाकटा डोकावला. “मी आळशी नाहीये!”

“नाही आहात. तुम्ही आजारी आहात. मला असंच वाटतं, पण मी डॉक्टर नाही. डॉक्टरांना दाखवू या?”

आईने धाकट्याला आत जायला खुणावलं. मग म्हणाली, “मी तुम्हाला माफ केलेलं नाही.”

“नका करू. पण चला.”

दवाखान्यात जायला त्यांना तीन वेळा ठरवावं लागलं. दोनदा आई उठूच शकली नाही. तिसऱ्यांदा निघाल्या. खारूताई धाकट्याचा हात धरून पुढे चालत होती, मुद्दाम चार पावलं अंतर राखून. वाटेत प्रार्थनाघर लागलं. तळमजल्याच्या खिडकीतून मुलांचं गाणं बाहेर येत होतं, आणि दारात काका कुणाशी तरी हसून बोलत होते. या सगळ्यांना पाहून त्यांनी हात वर केला, आशीर्वाद दिल्यासारखा.

ताईचं रक्त पुन्हा उसळलं. ती काही बोलणार, तोच आई रस्त्यातच थांबली.

“तुमचा हात खाली घ्या,” ती काकांना म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण काकांशी बोलणारा माणूस वळून बघू लागला.

काकांचा हात खाली आला.

“चल गं,” आई लेकीला म्हणाली, “नंबर निघून जाईल.”