अकरावा पत्ता

दोनशे सदतीस मेल गेले, त्यातले अकरा परत आले.

एरवी परत आलेल्या मेलचं मला काही वाटत नाही, कारण माझं कामच ते. क्रांतीताई साताऱ्यात तान्ह्या बाळांसाठी नाचणीचं सत्त्व करतात, 'इवला घास' नावानं ऑनलाइन विकतात, आणि मी इकडे पलूसला घरी बसून गिऱ्हाइकांचे मेल सांभाळते. जे परत येतात ते पत्ते दर सोमवारी यादीतून काढायचे. कुणाची पेटी भरलेली असते, कुणी पत्ता बंद केलेला असतो. कितीतरी जणींचा पत्ता फॉर्म भरणाऱ्या सेंटरवाल्यानंच उघडून दिलेला असतो आणि त्यांच्या तो गावीही नसतो.

पण हा मेल तसा नव्हता. सत्त्वाच्या एका लॉटमध्ये ओल शिरून बुरशी धरली होती. तीन बाळं दवाखान्यात होती. 'ह्या नंबरचं पाकीट असेल तर बाळाला देऊ नका, लगेच कळवा,' एवढंच मी लिहिलं होतं. जे लिहिलं नव्हतं ते ताईंनी फोनवर सांगितलं होतं.

"उलट्या तर आहेतच गं, पण तिन्ही पोरं रडायची थांबलीत. नुसती टक लावून बघतात. अंगातलं पाणी कमी झालंय म्हणतात डॉक्टर. हे मेलमध्ये नको घालूस, आया घाबरतील."

मी घाबरलेच होते. माझा शंभू आठ महिन्यांचा, तोही तेच सत्त्व खातो. त्याचं पाकीट आधीच्या लॉटचं निघालं. मी तीनदा नंबर ताडला आणि चौथ्यांदा आबांना चष्मा लावून वाचायला लावला. आबा म्हणजे माझे सासरे, लालासाहेब. फौजेतून निवृत्त होऊन घरी आलेत, आणि माझा नवरा जयराज आता तिकडे आहे.

दुपारपर्यंत दहा जणी फोनवर सापडल्या. अकरावी सापडेना. नाव राणी, नवऱ्याचं नाव सिद्धू, राहायला कवठे महांकाळच्या बाहेर एका वस्तीवर. बाळ मुलगा, शंभूच्याच आठवड्यात जन्मलेला. वर्षाची मागणी एकदम नोंदवलेली, त्यामुळे पार्सल दर महिन्याला जात होतं आणि घेतलं जात होतं. गेल्या महिन्यापर्यंतचे सगळे मेल आल्या दिवशीच उघडलेले. आणि आता उत्तर येत होतं, असा पत्ता अस्तित्वात नाही. फोनही बंद.

"कुरिअरनं चिठ्ठी पाठवते," ताई म्हणाल्या.

"कधी पोचेल?"

"परवा."

परवापर्यंत ती त्याला निदान सहा वेळा भरवेल. मी फोन ठेवला आणि बाहेर आले.

"आबा, कवठे महांकाळला जायाचंय. आत्ता."

"आन् पोरगं?"

"संगं घेते."

सासूबाई औंधला गेलेल्या, आणि त्या दिवशी मी शंभूला कुणाजवळही ठेवलं नसतं.

"एका पाकिटासाठी साठ किलोमीटर व्हय? तुज्या नवऱ्याला बॉर्डरवर बी एवढी घाई नसती." असं म्हणत त्यांनी गाडीची किल्ली घेतलीसुद्धा.

तासगाव गेलं, मणेराजुरीच्या द्राक्षबागा मागं पडल्या, मग जमीन उघडी होत गेली. वस्ती म्हणजे तीन घरं. दोन घरांना कुलूप. तिसऱ्याच्या दारात एक म्हातारी सुपात मटकी निवडत बसली होती. माझ्या कडेवर शंभू बघून तिनं पदर तोंडावर धरला.

"कोन तुमी?"

"इवला घासमधून आलोय. सत्त्वाच्या पाकिटाचं सांगायचंय. राणी आहेत का?"

"हाय की. मी सुलाबाई, तिची सासू. हळू बोला, पोरगं आजारी हाय."

चप्पल काढायचंही सुधरलं नाही, तशीच आत गेले.

पत्र्याची खोली तापली होती. माझ्याच वयाची एक बाई पाळण्याची दोरी ओढत होती. शेजारी वाटी, चमचा आणि पाकीट. नंबर तोच होता. मी पाकीट उचलून घट्ट धरलं.

"हे देऊ नका. ह्यात खराबी निघालीय. मेल केला होता, तो परत आला."

"कालपासनं देत न्हाई मी," राणी म्हणाली. "उलटी झाली परवा. आन् तवापासनं रडंना झालाय. नुसता टक लावून बघतोय."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लिहिलंही नव्हतं. आणि लिहिलं असतं तरी तिला ते पोचलं नसतं.

"बघा की, डोळं कसं झाल्यात."

मी पाळण्यात वाकले. झबलं, कुंची, कपाळावर काजळाची तीट. कुंचीच्या आत काळा दगड होता.

वरवंटा. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात घालतात तो. शंभूच्या वेळी आम्हीही घातला होता. त्याला असंच नटवलं होतं, पाळण्याखालून फिरवला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर चटणी वाटली होती.

मी मागं सरकत दाराबाहेर आले. सुलाबाई सूप बाजूला ठेवून उठली आणि मला भिंतीच्या कडेला घेऊन गेली.

"पोरगं जेठात गेलं," ती म्हणाली. "चार म्हैन्याचं व्हतं. तापानं. तिसऱ्या दिशी हिनं वरवंट्याला कुंची घातली. आमी म्हटलं, असू दे दोन दिस. पर सिद्धूच्या फोनवर तुमची पत्रं यायची. ही वाचायची. लिवलंय, आता आवाजाकडं वळंल. लिवलंय, आता हसंल. सिद्धूला सोसंना. त्यानं त्यो पत्ताच बंद केला, फोन घेतला आन् गेला पुण्याला गवंडीकामावर."

ती पत्रं माझी. 'आज तुमचं बाळ सहा महिन्यांचं झालं' अशी सुरुवात करून मी दर महिन्याला लिहीत असे, आणि त्यात शंभू जे करायचा तेच असायचं. तो वळला की मी लिहायचे, वळेल. हसला की लिहायचे, हसेल. एवढ्या घरांत ते वाचलं जात होतं आणि त्यातलं हे एक घर होतं.

"मावशी, पण त्या म्हणतात, तो आधी रडायचा."

"रडायचा की. मला बी आदी वाटलं, मांजार आलंय. सारं घर धुंडाळलं. मग म्याच पाळणा हलवाय लागले. हलवला की गप बसायचा." तिनं माझं मनगट धरलं. "परवापासनं न हलवताच गप हाय, बाई. लय भ्या वाटतंय. त्येचं आवशीद काय आसंल ते सांगा."

मी बी.एस्सी. झालेली आहे. डोकं आपोआप मांडणी करायला लागलं. दोघी एकट्या, पत्र्याखालचा उकाडा, घरातलं दुःख. मांडणी बरोबर होती. फक्त ते रडणं थांबणं तिच्यात कुठं बसत नव्हतं.

"झालं का गं?" आबा गाडीतून उतरून आले. मी दाराकडे हात केला. ते दारात गेले, पाळण्यात बघितलं, बराच वेळ बघितलं आणि परत आले.

"त्या तीन पोरांना डाक्टरनं काय दिलं?"

"साखर-मिठाचं पाणी. चमच्या-चमच्यानं. पण आबा, तिथं—"

"दिसलं मला. दे जा."

त्यांनी शंभूला माझ्याकडून घेतलं. मी आत जाऊन पाणी मागितलं, उकळवलं, निवू दिलं, साखर-मीठ घातलं. राणीनं बोचकं माझ्या मांडीवर ठेवलं. जड होतं, पण वरवंटा जड असतोच. कोमट होतं, पण पत्र्याखाली सगळंच कोमट होतं. अंगाला आंबूस वास होता, आणि सत्त्व सांडलेल्या कापडाला तो येतोच.

पाणी कुंचीवर सांडेल म्हणून मी खाली माझा रुमाल धरला आणि चमचा तोंडाशी नेला.

एक चमचा. दुसरा. राणी मोजत होती. वीस झाले.

रुमाल कोरडाच राहिला.

"दर पंधरा मिनिटांनी द्या," मी म्हणाले. माझा नंबर कागदावर लिहून दिला. "बाकीच्या बाळांनाही हेच चालू आहे."

परतीच्या वाटेवर तासगाव आलं. मग आबा एवढंच म्हणाले, "तुज्या सासूम्होरं ह्यातलं काय इचारू नगंस मला." मी शंभूला पूर्ण वाट छातीशी धरून होते. तो भुकेनं रडला तेव्हा आम्ही दोघंही एकदम हसलो, मोठ्यानं, आणि लगेच गप्प झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. तिन्ही बाळं रडायला लागली होती, दोघं घरी गेली होती. "तुझी अकरावी सापडली का?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सापडली, पाकीट आणलंय, पाणी चालू आहे. बाळ कसंय, म्हणाल्या. मी म्हटलं, कळवते.

दहाच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला. शंभू शेजारी झोपला होता, ओठ मिटून, शांत.

"ताई, ऐका," राणी म्हणाली आणि फोन कुठंतरी जवळ धरला.

बाळ रडत होतं. दम भरून, श्वास अडकवून, पुन्हा सुरू करत. मागून सुलाबाईचं "उगी, उगी" ऐकू येत होतं, आणि त्या आवाजात रडू होतं की हसू ते कळत नव्हतं. माझ्या छातीत कळ आली आणि काय होतंय ते कळायच्या आत ब्लाउज पुढून भिजला. टीव्हीवरच्या बाळाच्या रडण्यानं मला कधी पान्हा फुटला नाही. शंभू तर झोपेत होता.

"ऐकलं का?" राणीचा आवाज उजळला होता. "भावानं जुना फोन दिलाय मला. त्यात नवा पत्ता उघडलाय, लिवून घ्या. आता नववा लागंल न्हवं त्याला? नवव्यात काय करंल? पत्र आलं न्हाई, तर कळंना कसं हो."

मी पत्ता लिहून घेतला. फोन ठेवला, साडी बदलली आणि यादी उघडली.

तिची ओळ लाल होती. ती काढून टाकणं एका बोटाचं काम होतं. पुण्यात कुठंतरी भिंत बांधणारा सिद्धू माझ्या डोळ्यांपुढं आला. त्यानं हेच केलं होतं, आणि तो चूक होता असं मला म्हणता येईना. मग पाळण्यातलं ते आलं. मी ओळ काढली तर ते आठव्यातच राहील, दिवसभर टक लावून बघत. की राहणार नाही, आणि पुढचं काय करायचं ते कुणी न सांगता आपलं आपण ठरवेल? दोन्हींपैकी कशाची जास्त भीती वाटते हे मी शंभूच्या श्वासाकडे लक्ष ठेवून बराच वेळ ताडत बसले.

शेवटी मी जुना पत्ता खोडून नवा घातला.

नवव्या महिन्याचं पत्र तयारच होतं. शंभू चार दिवसांपासून रांगायला लागला होता, त्यामुळे त्यात तेच होतं. आता तुमचं बाळ रांगू लागेल. हाताला लागेल ते तोंडात घालेल. तुम्ही दिसला नाहीत तर तुम्हाला शोधत येईल. ही ओळ मी पुसली, पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली.

तिच्या खालची मात्र राहू दिली. उंबऱ्याला आडवी फळी लावा.