माथ्यावरचा श्री

प्रमोदिनी ओगले यांनी कॅनडा वाचवला, ही गोष्ट क्वेबेकातल्या लव्हालपासून ब्रॉसार्डपर्यंतच्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक होती. ठाऊक नसायला वावच नव्हता. मंडळाचा गणपती असो, हळदीकुंकू असो, नाहीतर कुणाच्या बेसमेंटमधला सत्यनारायण असो, प्रसादाचा द्रोण हातात पडला की बाई सुरू होत.

"पंच्याण्णव साल. क्वेबेक कॅनडात राहणार की वेगळा होणार, एवढाच प्रश्न. वेगळा व्हायचं तर वी, राहायचं तर नों. सगळे म्हणत होते, गेला आता. मी आडोशाला गेले, पेन्सिल घेतली, आधी वर श्री काढला आणि मग नोंपुढे फुली. म्हटलं, बाप्पा, आता तुझं तू बघ. वाचला की नाही जेमतेम एका टक्क्यानं?"

यावर बायका "वाचला हो" म्हणत आणि पुरुष वड्यांकडे वळत. त्यांचे यजमान हेमचंद्र नेमके त्याच वेळी पाणी प्यायला आत जात. दहा वर्षांत ते गृहस्थ एवढं पाणी प्यायले की मंडळातल्या एका डॉक्टरांनी त्यांना साखर तपासून घ्यायला सांगितलं. साखर ठीक होती.

कोरा कागद दिसला की माथ्यावर श्री काढायचा, हे प्रमोदिनीबाईंना सांगलीला वडिलांनी शिकवलं होतं आणि त्यात वडिलांनी कुठलाही अपवाद सांगितला नव्हता. त्यामुळे ग्रोसरीच्या यादीवर श्री, इन्कम टॅक्सच्या फॉर्मवर श्री, मुलगा शंतनूच्या शाळेच्या सहलीच्या परवानगीवरही श्री. हेमचंद्रांना काही लिहायचं असलं तरी कागद आधी बाईंकडे जाई, त्या श्री काढून तो नवऱ्यापुढे सरकवत आणि म्हणत, "हं, आता लिहा काय ते."

हेमचंद्र अठ्ठावीस वर्षं विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. भाग उजेडात धरायचा, केसाएवढा जरी फरक दिसला तरी लाल शिक्का मारायचा: बाद. निवृत्त झाल्यावर शिक्का कारखान्यात राहिला, नजर घरी आली. पोळीसुद्धा ते एकदा खिडकीकडे धरून बघत. बाई म्हणत, "खा हो, ती उडायची नाहीये."

तर पंच्याण्णव साली या माणसाला नोंवाल्यांनी मतमोजणीच्या टेबलावर आपला प्रतिनिधी म्हणून बसवलं. नोंवाल्यांची ती चूक होती, पण त्यांना कसं कळावं? टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वीवाल्यांचा प्रतिनिधी होता गास्तों. हा ओगल्यांच्या समोरच्या घरात राहणारा शाळामास्तर. आपला देश वेगळा व्हावा म्हणून तो तीस वर्षं घसा कोरडा करत होता आणि तितकीच वर्षं ओगल्यांच्या दारातला बर्फही शोव्हल करत होता. दोन्ही कामं त्यानं सारख्याच निष्ठेनं केली.

मोजणाऱ्या बाईंनी एक चिठ्ठी उलगडली. नोंपुढे स्वच्छ फुली. वर एक नक्षी.

नियम असा होता की मत कुणाचं आहे हे ओळखू येईल अशी खूण असली, तर चिठ्ठी बाद.

गास्तों म्हणाला, "पेन्सिल चालते का ते बघितलं असेल हो कुणीतरी. धरा मत." हे वीवाला बोलत होता, हे लक्षात घ्यावं.

मोजणाऱ्या बाईंनी हेमचंद्रांना विचारलं, "मस्यू, तुम्हाला कळतंय हे काय आहे?"

एक साधं 'नाही' पुरलं असतं. हेमचंद्रांनी चिठ्ठी उजेडात धरली.

"आमच्या भाषेतलं अक्षर आहे. शुभ म्हणून काढतात."

"कुणी काढलंय, ओळखता येईल?"

"येईल," हेमचंद्र म्हणाले. "माझ्या बायकोनं."

गास्तोंनं कपाळाला हात लावला. चिठ्ठी बादच्या पाकिटात गेली. देशाचा निकाल लागायच्या आधीच ओगल्यांच्या घरातल्या अर्ध्या मतांचा निकाल लागला होता, आणि तो घरमालकानंच लावला होता.

हेमचंद्र घरी आले तेव्हा टीव्हीवर नोंवाले पुढे गेले होते आणि बाई देवापुढे साखर ठेवून बसल्या होत्या. "बघितलंत?" त्या म्हणाल्या. "श्री लावला मी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सांगायचं तर त्याच वेळी सांगायला हवं होतं. हेमचंद्र पाणी प्यायला आत गेले.

त्या निकालावर नुसता देश टांगलेला नव्हता. नवराबायकोत ठरलं होतं, क्वेबेक फुटला तर घर विकून टोरांटोला जायचं, बरीच मंडळी निघाली होतीच. नाही फुटला तर शेवटपर्यंत इथेच. नाही फुटला. शंतनू मात्र आधीच नोकरीपायी टोरांटोजवळ रिचमंड हिलला गेला होता. म्हाताराम्हातारी लव्हालमध्ये राहिली, बाईंनी वाचवलेल्या देशात. रस्त्यात गास्तों भेटला की त्या त्याला डिवचत, "काय मास्तर, हरवलं की नाही तुम्हाला?" तो टोपी काढून "वी, मादाम" म्हणे आणि हेमचंद्रांकडे बघायचं टाळे. दहा वर्षांत त्यानं चकार शब्द काढला नाही.

दोन हजार पाचच्या सप्टेंबरात बाईंच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. तपासनीसाला फोटोतलं काही विचारावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, वर्ष संपेल की नाही सांगता येत नाही.

बाईंनी बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी पलंग मांडून घेतला. ऑक्टोबरात गास्तोंला बोलावून खिडकीखालच्या वाफ्यात ट्युलिपचे चाळीस कंद लावून घेतले. आतून काच वाजवून त्या हुकूम सोडत होत्या, "खोल, मास्तर, आणखी खोल!" काम झाल्यावर त्याला कॉफी देताना म्हणाल्या, "उगवलेले मला दिसायचे नाहीत. पण लावलेत कुठे ते तर दिसतं. इथूनच जायचं मला." हेमचंद्र दाराआड होते. त्यांनी ऐकलं.

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी दुपारी शंतनू बायको अनुया आणि लेक गौरांगी यांना घरी ठेवून एकटाच आला. सहा तास ड्राइव्ह करून आला होता आणि सहा तास घोकलेलं एका दमात बोलला.

"आई, तिकडे हॉस्पिस आहे, अशा पेशंट्सची शेवटपर्यंत काळजी घेतात, घरापासून टेन मिनिट्स. गौरांगी रोज स्कूलनंतर तुझ्याकडे येईल. मी, अनुया, सगळे आहोत. इथे बाबा एकटे काय करणार? नंतर काय करणार? त्यांना चहासुद्धा करता येत नाही. बी रीझनेबल."

बाईंनी खिडकीखालच्या वाफ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "मत घेऊ."

"आई, धिस इज नॉट अ जोक."

"मी तरी कुठे हसतेय? तीन माणसं, बरोबरी व्हायची नाही. गुप्त मतदान. पुढचा शब्द कुणी काढायचा नाही. तुझे बाबा मोजतील, त्यांना सवय आहे."

औषधांच्या दुकानाच्या पावत्या होत्या, त्यांच्या पाठीवर लिहायचं ठरलं. पेटी म्हणून पोळ्यांचा डबा आला. शंतनू बेसमेंटच्या जिन्यावर जाऊन लिहून आला. हेमचंद्रांनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून लिहिलं. त्यांचा हिशेब सोपा होता: ती इथेच म्हणणार, आपण इथेच म्हणायचं, पोरगा एकटा पडेल. बाईंनी भिंतीकडे तोंड करून लिहिलं. त्यांना वेळ लागला.

हेमचंद्रांनी चष्मा पुसला आणि डबा उघडला.

पहिली चिठ्ठी इंग्रजीत. 'गो, प्लीज.' दुसरी त्यांचीच, 'इथेच.' तिसरी त्यांनी उलगडली. वर श्री होता, जरासा थरथरलेला. त्याखाली लिहिलं होतं, 'जायचं.'

त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई गोधडीचा दोरा उसवत होत्या. चाळीस कंद लावून घेतलेल्या त्या बाईनं, नवऱ्याला चहा येत नाही म्हणून खिडकी सोडून दिली होती.

हेमचंद्रांनी चिठ्ठी उजेडात धरली. खूप वेळ धरली.

"बाद," ते म्हणाले.

"काय?" मायलेक एकदम म्हणाले.

"माथ्यावर श्री आहे. ओळख पटते. चिठ्ठी बाद. राहिलं एकास एक, आणि बरोबरी झाली की जे आहे तेच चालू राहतं. कुणी कुठे जायचं नाही."

"बाबा! तीन माणसांत ओळख पटणारच ना? माझी तर इंग्लिशमध्ये आहे!"

"तुझं नुसतं अक्षर वाईट आहे. तो दोष धरत नाहीत."

"असा कुठे नियम असतो का?" बाई चिडून म्हणाल्या. "उगाच आपलं काहीतरी काढायचं."

"असतो," हेमचंद्र म्हणाले. "पंच्याण्णव सालीही होता."

शंतनूला काही कळलं नाही. बाईंना सगळं कळलं, पण एकदम नाही. आधी हातातला दोरा थांबला, मग मान वळली.

"त्या टेबलावर तुम्ही होतात."

"होतो."

"आणि गास्तों?"

"तो धरा म्हणत होता. मीच सांगितलं, बायकोनं काढलाय म्हणून."

"म्हणजे माझ्यावाचूनच वाचला देश."

"पन्नास हजारांवर मतं जास्त होती. तुझं एक कमी पडलं तरी…"

"आणि दहा वर्षं मला बोलू दिलंत? सगळ्यांपुढे?"

"छान सांगायचीस," हेमचंद्र म्हणाले.

बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर नुसती उकरलेली माती होती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हेमचंद्रांनी बायकोला गप्प बसलेलं पाहिलं होतं, पण तिच्यापाशी सांगायला काहीच उरलं नाही असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, तिला खिडकी दिली आणि गोष्ट काढून घेतली. आपण दुसऱ्यांदा तिचंच मत बाद केलं.

"शंतनू," थोड्या वेळानं बाई तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "विंटर टायर्स घातलेस का? अंधार पडायच्या आत नीघ." आणि मग, "अहो, चहा ठेवा. दीड कप पाणी. आलं नंतर ठेचा, आधी पाणी तरी ठेवा. मी सांगते तसं करा."

तिथून पुढचा महिना बाई पलंगावरून चहा सांगत होत्या आणि हेमचंद्र करत होते. पहिले आठ दिवस बाई एक घोट घेत आणि म्हणत, "बाद." देश कसा वाचवला ही गोष्ट भेटायला आलेल्यांना त्यांनी पुन्हा सांगितली नाही. कुणी आठवण काढलीच तर म्हणत, "वाचला आपला. खूप लोक होते." नोव्हेंबरअखेरीला एकदा त्यांनी अख्खा कप संपवला आणि काहीच म्हटलं नाही. हेमचंद्रांनी तो रिकामा कप उगाच उजेडात धरून बघितला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, त्या खिडकीपाशीच गेल्या. त्या दिवशी खूप बर्फ पडला होता. गास्तोंनं दारापासून रस्त्यापर्यंत वाट काढली. ती झाल्यावर त्यानं खिडकीखालच्या वाफ्याशी जाऊन टोपी काढली. तिथल्या बर्फाला मात्र हात लावला नाही. कंदांना त्याची ऊब असते म्हणतात.

तेरावा झाल्यावर शंतनू म्हणाला, "बाबा, आता चला." हेमचंद्र म्हणाले, "मत घेतलंय ना एकदा?" तो गाडीत बसला.

मग हेमचंद्रांनी चहा ठेवला आणि मेहुणीला, सांगलीच्या उल्काला, पत्र लिहायला बसले. फोनवर तिला सगळं कळलं होतं, पण ती जुनी बाई, तिला कागद लागे. त्यांनी कोरा कागद काढला आणि सवयीनं पलंगाकडे सरकवला. क्षणभरानं तो परत ओढून घेतला.

असल्या बातमीच्या पत्रावर श्री काढत नाहीत. वडिलांनी सांगायचा राहून गेलेला तो अपवाद हाच. माथा तसाच ठेवून त्यांनी चार ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि कागद तिच्या खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

कुठेही खूण नव्हती. नियमाप्रमाणे कागद अगदी निर्दोष होता.