वीतभर पट्टी

मित्रांनो, किन्हीराजाजवळच्या एका खेड्यात शाळेच्या गच्चीवर ऊन-पाऊस सोसत उभा असलेला जुना वीजरोधक तो मी. मला पाच टोकं आहेत. शाळेशेजारी राहणारी लिलाबाई मला महादेवाचा त्रिशूळ समजून खालूनच हात जोडते. दोन टोकं जास्त कशी, हे तिने महादेवाला अजून विचारलेलं नाही.

माझं काम सोपं आहे. आकाशातली वीज अंगावर घ्यायची आणि भिंतीवरच्या तांब्याच्या पट्टीतून जमिनीत सोडायची. मला बसवणारा मिस्त्री सांगून गेला होता, "पट्टी पुरली आहे त्या खालच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत जा. माती कोरडी पडली, तर हा नुसता शोभेचा." सगळ्यांनी माना हलवल्या. लक्षात ठेवलं तांड्यावरच्या रुपाबाईने. तिचा दीर देवला दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेला असताना वीज पडून गेला. वावराचा मालक पक्क्या घरात होता. देवलाला आडोसा होता तो एका पळसाचा. म्हणून मी आलो त्या दिवसापासून रुपाबाईने नेम धरला. खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय ती तोंडात घास घालत नाही.

यंदा मे महिन्यात शाळा रंगवली. रंगाऱ्यांनी माझी पट्टी सोडली आणि परत जोडलीच नाही. वीज माझ्यावर आली असती, पण तिला खाली जायला वाट नव्हती. आणि वादळ सुटलं, की तांड्यावरची टिनाखाली राहणारी माणसं लेकराबाळांसह याच शाळेत येऊन बसतात!

रंगारी गेल्याच्या दुसऱ्या सकाळी रुपाबाईला पट्टीचं टोक जमिनीच्या वीतभर वर लोंबताना दिसलं. तिने सरपंच जगदेवला तिथेच बोलावलं.

"घाई कायले करून राह्यली, रुपाबाई? रंग तं पाय, कसा चमकून राह्यला!"

"भाऊ, रंगानं इज अडत असती, तं मी रंगाचा डबा घेऊनच वावरात गेली असती."

"परवा सायबाच्या हातून रंगवलेल्या शाळेचं उद्घाटन होऊ दे. मंग पाहू."

"ढगाले तुमची तारीख ठाऊक हाय का?"

ती पायरीवर बसली. तांब्या भरलेलाच होता. लिलाबाईने चहा आणला.

"घोटभर तं घे वं माय."

"पट्टी जमिनीले टेकली नाही, तं पानी कायले ओतू? आन् पानी ओतलं नाही, तं खाऊ कशी?"

दिवस मावळला. रुपाबाई उठली नाही. पायरीवर बाई उपाशी बसलेली, मग उद्घाटनाचे पेढे कोण खाणार? दुसऱ्या दिवशी जगदेव स्वतः जीपने शेलूबाजारहून मिस्त्री घेऊन आला. पट्टी जोडली, खड्डा भिजला, रुपाबाईने भाकरी मोडली.

त्याच संध्याकाळी वादळ आलं. तांडा शाळेत होता. वीज माझ्यावर कोसळली. मी हललो नाही. आत एक तान्हं बाळ दचकून रडलं, एवढंच.

मित्रांनो, मला हात जोडू नका, माझी पट्टी तपासा. आणि ऐका, माझी राखण शाळेपुरतीच आहे. तांड्यावर मी नाही, वावरात मी नाही. गरिबाने जीव मुठीत धरून पक्क्या छताकडे धावायचं आणि पोचला नाही तर त्याला नशीब म्हणायचं, हे मला मान्य नाही. तिथेही आडोसा उभा करा. आकाशाचं मी पाहून घेतो. जमिनीवरचं तुम्ही पाहा.