पठारावर पाणी वाहणारी सायकल

मित्रांनो, मी एक जुनी मालवाहू सायकल आहे, विजेवर चालणारी. जुनी म्हटल्यावर हसू नका. माझ्या जन्माला फार वर्षे झालेली नाहीत, पण डोंगरातल्या दगडधोंड्यांवर सायकल लवकर म्हातारी होते.

पुण्याजवळच्या एका लहानशा कारखान्यात माझा सांगाडा जोडला गेला. चाके जाड, मागच्या चाकात मोटर, मधल्या दांड्याला बॅटरी, आणि कॅरियर एवढे लांब की त्यावर दोन माणसे सहज बसावीत. अगदी माझ्यासारखीच माझी एक बहीणही होती. आम्हा दोघींना महाडच्या सुम्बुलने घरी आणले.

सुम्बुलचे वडील गनीभाई ट्रकवाले. औद्योगिक वसाहतीतला माल त्यांच्या गाड्या मुंबईला नेतात. आम्हाला टेम्पोतून उतरवताना ते म्हणाले, "आपल्या दारात दहा-दहा चाकांच्या गाड्या उभ्या असतात. ही दोन चाकं काय ओढणार?"

"अब्बा, तुमचा ट्रक जिथं थांबतो तिथून पुढचं ओढतील," सुम्बुल म्हणाली.

तिच्या मनात कुडपणचे पठार होते. गावाच्या पुढे, जिथे गाडीरस्ता संपतो आणि विजेचे खांबही संपतात, तिथे दत्तारामकाकांचा माळ आहे. त्या माळावर तंबू लावून पाहुण्यांना राहायला बोलवायचे, असे तिने ठरवले होते. काका तयार झाले, पण त्यांची एक अट होती.

"तो धडधडनारा जनरेटर आनायचा नाय. माझी गुरं बुजतात."

"म्हणूनच तर ह्या दोघी आणल्यात, काका."

मग आमचे कामाचे दिवस सुरू झाले. पाहुणे गावात गाड्या लावून चालत निघायचे आणि त्यांचे सामान आमच्या पाठीवर यायचे. तंबू, गाद्या, तांदूळ, नाचणीचे पीठ, झऱ्यावरून भरलेले पाण्याचे कॅन, सगळे आम्हीच वाहिले. दिवसा सोलरच्या पत्र्यांवर आमच्या बॅटऱ्या भरायच्या. अंधार पडला की त्याच बॅटऱ्यांवर तंबूंतले दिवे लागायचे. काकांची मुलगी अंकिता स्वयंपाक बघायची आणि वेळ मिळाला की माझ्यावर बसून माळभर फिरायची. शहरातली मुले माझी सीट थोपटून म्हणायची, "किती शहाणी आहे ना ही! आवाजच करत नाही." तेव्हा मला फार बरे वाटायचे.

आणि मग ती फाल्गुनातली दुपार आली.

पाहुणे सकाळीच गेले होते. माळावरचे गवत वाळून खडखडीत झाले होते. पश्चिमेच्या कड्याकडून धूर दिसला आणि पाहता पाहता वणवा माळावर चढला. कुणी लावला, कसा लागला, ते शेवटपर्यंत कळले नाही. वाऱ्याने आग दोन बाजूंना पांगली. एक फळी तंबूंकडे निघाली आणि दुसरी खालच्या उतारावरच्या गोठ्याकडे. गोठ्यात काकांची गुरे होती, आणि शेजारी त्यांचा वर्षभराचा चारा रचलेला होता.

सुम्बुल तंबूची दोरी सोडत होती. सोलरचे पत्रे उचलून माझ्यावर घातले असते, तर निदान तेवढे वाचले असते. इतक्यात गोठ्याकडून बनुकाकींची, म्हणजे अंकिताच्या आईची, हाक आली.

"सुम्बुल गो, पानी आन! पानी!"

सुम्बुलने एकदाच तंबूंकडे पाहिले आणि हातातली दोरी टाकून दिली.

झरा ते गोठा अशा आमच्या खेपा सुरू झाल्या. माझ्यावर सुम्बुल आणि बहिणीवर अंकिता. काकी दावी सोडून गुरे पलीकडे हाकत होत्या. काका आणि गावची माणसे ओल्या फांद्यांनी आग झोडपत होती आणि आम्ही आणलेले पाणी चाऱ्यावर, छपरावर ओतले जात होते. डोळ्यांपुढे नुसता धूर. एका खेपेला माझ्या बहिणीचे चाक खडकाच्या कपारीत अडकले. अंकिता जीव खाऊन ओढत होती.

"सोड ती!" सुम्बुल ओरडली. "अंकिता, सोड आणि पळ!"

अंकिता पळाली. बहीण मात्र तिथेच आगीत राहिली.

पुढच्या चढावर माझी बॅटरी संपली. मोटर गप्प झाली. मग एकीने हँडल ओढले, दुसरीने मागून रेटले आणि भरलेल्या कॅनांसह मला वर नेले. ते पाणी पडले आणि गोठ्याच्या कुडाशी आलेली आग विझली. गुरे वाचली, चाराही बराचसा वाचला. तंबूंच्या जागी मात्र काळी राख होती.

गनीभाईंनी मला टेम्पोत घालून आपल्या दासगावच्या गोदामात आणून ठेवले. सुम्बुलने वसाहतीतल्या एका कंपनीत नोकरी धरली. ती रोज बसने जायची, पण गोदामाकडे फिरकायची नाही. पावसाळा आला. माझ्या साखळीला गंज चढला, बॅटरी निपचित पडली. मी पाठीवरून गुरांचे पाणी वाहिले होते. आता पाठीवर कोळ्यांची जाळी होती. आपण आता भंगारात जाणार, असे मी मनाशी धरले होते.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी गोदामाचे दार उघडले. गनीभाई होते, आणि त्यांच्यासोबत दत्तारामकाका आणि अंकिता. मागून सुम्बुल आली.

"पोरी, कवा येतेस वर?" काकांनी विचारले.

"काका, तिथं आता माझं काय आहे? तंबू नाहीत, काही नाही."

"तंबू नाय तर नाय. आमची पडवी हाय की. तू तुजं सोडून आमच्या गुरांमागं धावलीस. सगल्या गावानं बघितलाय."

अंकिता म्हणाली, "ताई, गावानं माळाच्या कडेनं गवत कापून जाळरेषा काढलीय. यंदा आग आत येणार नाही. पाहुण्यांचं तू बघ, सायकलीचं मी बघते."

सुम्बुलने ओढणीच्या टोकाने माझी सीट पुसली आणि पुसता पुसता ती रडू लागली. गनीभाई बाहेर जाऊन मेकॅनिकला फोन लावत होते.

माझ्या बॅटरीचे निम्मे सेल बदलावे लागले. पूर्वीइतकी दूर मी आता जात नाही. पण सुम्बुलबरोबर मी पुन्हा पठारावर आहे. वणव्याच्या दिवसांत पाहुणे असोत वा नसोत, माझ्या दोन्ही बाजूंना पाण्याचे भरलेले कॅन असतात.

मित्रांनो, डोंगरात राहायला याल तेव्हा चुलीतला शेवटचा निखारा पाण्याने विझवा आणि राखेवर हात ठेवून पाहा. आणि तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी कोपऱ्यात पडली असेल, तर तिला अधूनमधून चार्जिंगला लावा, साखळीला तेल द्या. आम्हाला बसून राहण्यानेच जास्त गंज चढतो.

परवाचीच गोष्ट. बनुकाकींची धाकटी बहीण पठाराच्या पलीकडच्या वाडीत राहते. गुडघ्यांमुळे काकींना तिच्याकडे जाता येत नव्हते. अंकिताने त्यांना माझ्या कॅरियरवर बसवले. अर्ध्या वाटेपर्यंत काकी मला घट्ट धरून ओरडत होत्या, "पाडशील गो मला, हलू चालव!" मग वाडीची कौले दिसू लागली, अंगणात उभी असलेली बहीण दिसली, आणि काकींनी अंकिताच्या पाठीवर थाप मारली.

"आता जरा जोरात घे गो!"