चार बोटं माया

विज्ञान प्रदर्शनाच्या त्या दालनात सगळं पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. उंच काचांमधून हिरवट उजेड उतरत होता आणि कुठकुठल्या देशांतली पोरं आपापल्या तक्त्यांसमोर उभी राहून काहीबाही पुटपुटत होती. ढापणी विमानात बसल्यापासून अर्धवट स्वप्नातच होती. घरात तिला याच नावाने हाक मारत. चष्मा पाचव्या वर्षी लागला, त्याला ती बिचारी काय करणार!

तिचा विषयही झोपेचाच. एका रोपाची पानं संध्याकाळी मिटतात नि सकाळी उघडतात, हे कुणीही सांगेल. पण तिने ते रोप दहा दिवस वडिलांच्या कापडाच्या कपाटात, मिट्ट काळोखात ठेवलं आणि तासातासाला मंद लाल दिव्यात पाहिलं. पानं तिथेही वेळेवर मिटत होती, उघडत होती. "हळू बोला, आत झाड झोपलंय," असं म्हणून वडील गिऱ्हाइकांनाही गप्प करत.

वडील शिंपी. कागदाचा तक्ता प्रवासात चुरगळेल म्हणून तिने तो कापडावर छापून आणला, आणि धागे निघू नयेत म्हणून वडिलांनी निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या कडा शिवून दिल्या. पण आत दुमडून माया ठेवल्याशिवाय त्यांच्या हाताला शिवताच येत नाही. ढापणीचे सगळे फ्रॉक असेच, शिवणीत जादा कापड घेऊन हिंडलेले. तक्त्यालाही त्यांनी चांगली चार बोटं माया ठेवली, आणि आलेखाचे शेवटचे तीन दिवस आत गडप झाले.

हे तिला तक्ता टांगताना कळलं. आधी ती शिवण नुसती चाचपत राहिली. मग हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. कारण त्या तीन दिवसांनी सगळ्यावर पाणी फिरवलं होतं. पानं भर दुपारी मिटू लागली होती. निष्कर्षात तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कुणी विचारलंच तर बघू, असं ठरवून आली होती.

आणि समोर नेमक्या त्याच बाई आल्या. केस पांढरेशुभ्र, सगळा जन्म पानांच्या झोपेमागे घालवलेला. सुट्टीत आपल्या प्रयोगशाळेत त्या एकाच विद्यार्थ्याला घेणार होत्या, आणि ढापणी त्या एका जागेसाठीच इतक्या लांब आली होती.

"किती दिवस ठेवलंस अंधारात?" बाईंनी विचारलं.

'सात' अगदी ओठांवर आलं होतं.

"दहा," ती म्हणाली.

"इथे तर सातच दिसतात."

ढापणीने केसांतली पिन काढली आणि शिवण उसवायला घेतली. वडिलांचे टाके ते, सहजासहजी कसले सुटतात! एकेक टाका ती पिनेच्या टोकाने ओढत राहिली. बाई घड्याळाकडे न बघता उभ्या होत्या. शेवटी कापड उलगडलं.

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या ऐसपैस बसल्या. "पहिले सात मला माहीत आहेत. हे तीन सांग."

"माझंच चुकलं असेल. फटीतून उजेड आला असेल."

"फट होती?"

"नाही. बाबांनी चिंध्या कोंबल्या होत्या."

"मग चूक कसली?" बाई त्या वेड्यावाकड्या रेषेवरून बोट फिरवत राहिल्या. "बाहेरचा दिवस विसरून रोप स्वतःचा दिवस जगायला लागलं असेल. कदाचित. मलाही ठाऊक नाही. सुट्टीत ये, दोघी मिळून शोधू."

ढापणी पायऱ्यांवर येऊन बसली. ऊन अंगावर घेत तिने घरी फोन लावला. पलीकडे मशीन चालू होतं.

"बाबा, मला घेतलं! पण तुमची शिवण उसवावी लागली. एक बाजू पूर्ण."

मशीन थांबलं.

"बरं केलंस," बाबा म्हणाले. "पोर वाढली की उसवायची, म्हणूनच तर ठेवतो."